विलायती गुलाबाचे माहेर

महाराष्ट्रातल्या घरांत गुलाबाचे दोन प्रकार मानले जातात. एक गावठी: लहानखुरा, गुलाबी, हातात घेताच पाकळ्या विस्कटणारा, पण गंधाने ओसरी भरून टाकणारा. गुलकंद होतो तो याचाच. दुसरा विलायती: लांब दांडी, दांडीच्या टोकाला एकच फूल, निमुळती कळी, उमलताना कडेला मागे वळणाऱ्या पाकळ्या. रोपवाटिकेत हा 'कलमी गुलाब' म्हणून विकला जातो. उद्यानविद्येच्या पुस्तकांत त्याचे नाव 'हायब्रीड टी'. ग्लॅडिएटर, सुपरस्टार, पापा मिलाँ, पीस ही बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत पोहोचलेली नावे याच कुळातली.

हा धागा त्या 'विलायती' शब्दाविषयी आहे. कारण वंशावळ तपासली, तर गावठी आणि विलायती ही दोन्ही विशेषणे डळमळू लागतात.

आधी गावठीचे पाहू. 'गुलाब' हा शब्दच मुळी फारसी आहे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. इराणात जे नाव अत्तरदाणीतल्या पाण्याचे होते, ते आपल्याकडे फुलालाच चिकटले. नाशिकचे मोगलकालीन नाव गुलशनाबाद. तिथेही शब्द फारसीच. आपला सुगंधी गावठी गुलाब बहुतेक ठिकाणी दमास्क कुळातला किंवा त्या कुळाच्या जवळच्या नात्यातला असतो. दमास्क गुलाबाची जनुकीय तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत त्याचे तीन पूर्वज निघाले आणि त्यांपैकी एक, रोझा फेडचेन्कोआना, मध्य आशियातल्या डोंगरांचा रहिवासी आहे. म्हणजे गावठी गुलाब हा शतकांपूर्वी स्थायिक झालेला पाहुणा.

आता विलायतीकडे वळू. त्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात कोलकाता, मणिपूर आणि दिल्ली ही तीन ठिकाणे येतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातला गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे बहर, मग पुढच्या वर्षापर्यंत नुसती काटेरी झुडपे. शरद ऋतूत दुसरा, अगदी जेमतेम बहर देणारा एक दमास्क प्रकार तेवढा अपवाद. त्याच काळात चीनच्या बागांमध्ये मात्र थंडीचे दिवस सोडले, तर जवळजवळ वर्षभर फुलणारे गुलाब होते. ते तिथे शेकडो वर्षे निगुतीने जोपासले गेले होते.

हे गुलाब युरोपला कसे मिळाले, हे समजायला त्या काळचा व्यापार पाहावा लागतो. १७५७ ते १८४२ या काळात चीनशी पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरातून चाले. परदेशी माणसाला देशाच्या आत पाऊल टाकायला बंदी होती. त्यामुळे वनस्पती हव्या असतील तर बंदराजवळच्या फा-ती नावाच्या वस्तीतल्या रोपवाटिकांतून त्या पैसे मोजून विकत घ्याव्या लागत. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्यांना पुढे 'शोधलेले' गुलाब म्हटले गेले, ते रानात सापडलेले नव्हते. ते माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेले, कुंडीत लावून दुकानात मांडलेले वाण होते. शोध लागला तो विक्रेत्याचा.

कँटनहून निघालेले जहाज महिनोन्‌महिने समुद्रावर असे. खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई आणि खलाशांची बेफिकिरी यांतून थोडीच रोपे तगत. म्हणून अनेक रोपे वाटेत कोलकात्याला उतरवली जात. तिथे हुगळीच्या काठी शिबपूरला १७८७ साली रॉबर्ट किड याच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पती उद्यान सुरू झाले होते. रोपांना तिथे विसावा मिळे, त्यांची वाढ होई, आणि पुढच्या जहाजाने ती इंग्लंडला जात. उद्यानाच्या अधीक्षकांची नावे इतिहासात आहेत. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यांची नाहीत.

या वळशाची खूण भाषेत राहिली. फ्रेंच लोक चिनी गुलाबाला कित्येक दशके 'बंगालचा गुलाब' म्हणत. त्याआधीच, १७५३ साली, लिनियसने एका चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' असे नाव देऊन ठेवले होते. त्या काळच्या युरोपीय नकाशात हिंदुस्थान आणि त्यापलीकडचे सारे काही 'इंडिया'तच मोडे. गंमत अशी, की हे नाव शास्त्रीय वर्गीकरणातून केव्हाच मागे पडले, तरी भारतीय रोपवाटिकांत जिवंत आहे. कलमी गुलाबाचा डोळा ज्या खुंटावर भरतात, त्या खुंटांपैकी एकाला आजही 'इंडिका' म्हणतात.

इथे घरच्या बागेतला एक नेहमीचा अनुभव आठवावा. कलमी गुलाब दोन-तीन वर्षे छान फुलतो. मग फुले लहान होतात, झुपक्यांनी येतात किंवा येतच नाहीत, आणि घरातले म्हणतात, 'गुलाब जंगली झाला.' गुलाब जंगली झालेला नसतो. कुंडीत मुळात दोन झाडे असतात: मुळांचे एक, फुलांचे दुसरे. जोडाच्या खालून खुंटाला फुटवे फुटले आणि वेळीच काढले नाहीत, तर दणकट खुंट वरच्या नाजूक जातीचे अन्न ओढून घेतो. सात पर्णिकांचे पान दिसले की तो खुंटाचा फुटवा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. पण काही हायब्रीड टी जातींनाही सात पर्णिका येतात. फुटवा जोडाच्या खालून निघाला आहे की वरून, एवढेच माती बाजूला सारून पाहावे. खालून असेल तर तो बुंध्यापासून ओढून काढावा. नुसता छाटला तर तिथूनच दुप्पट जोमाने येतो.

पुन्हा जहाजांकडे. १७९२ च्या सुमारास कंपनीचा एक संचालक गिल्बर्ट स्लेटर याच्या बागेत किरमिजी रंगाचा चिनी गुलाब फुलला. १७९३ मध्ये गुलाबी रंगाचा आला, १८०९ मध्ये फिकट गुलाबी आणि १८२४ मध्ये फिकट पिवळा. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ चार्ल्स हर्स्ट याने पुढे या चौघांना आधुनिक गुलाबांचे मूळ पुरुष ठरवले. स्लेटर, पार्सन्स, ह्यूम, पार्क्स ही त्यांची नावे. चारही इंग्रजांची आहेत, आणि त्यांपैकी एकानेही तो गुलाब घडवलेला नव्हता. कोणाच्या बागेत तो फुलला किंवा कोणी तो जहाजावर चढवला, यावरून नाव पडले. कँटनमध्ये या फुलांना नक्कीच स्वतःची नावे असणार. ती बंदरावरच राहिली.

चारांपैकी शेवटचे दोन 'टी' गुलाब. त्यांच्या गंधात चहाच्या पानांचा भास होतो असे मानले गेले, म्हणून हे नाव. चहाशी त्यांचे नाते एवढेच. हे टी गुलाब चिनी गुलाब आणि एका प्रचंड रानवेलीच्या संकरातून आले असावेत, असे आज सर्वसाधारणपणे मानतात. ती रानवेल म्हणजे रोझा जायगँटिया: झाडांवर चढणारी, मोठ्या पांढऱ्या-पिवळसर फुलांची. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राला तिची ओळख पटली ती उशिरा. १८८२ मध्ये जॉर्ज वॉट याला ती मणिपूरच्या डोंगरांत दिसली, आणि काही वर्षांनी हेन्री कोलेट याला ब्रह्मदेशातल्या शान टेकड्यांत. म्हणजे वंशज लंडनमध्ये नावारूपाला आल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी पूर्वज मणिपुरात सापडला.

चिनी गुलाब सतत का फुलतो, याचे उत्तर मिळायला २०१२ साल उजाडले. गुलाबात केएसएन नावाचे एक जनुक आहे. त्याचे काम फुलण्याला लगाम घालणे. एकदा बहर संपला की ते झाडाला सांगते: आता फक्त पाने. चिनी गुलाबात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसलेला आहे. त्यामुळे लगामच तुटला. नवी फांदी आली की टोकाला फूल, हा नियम झाला. निसर्गाच्या दृष्टीने हा बिघाड होता. तो ज्या माळ्याच्या नजरेस पडला आणि ज्याने त्या झाडाची कलमे करून ठेवली, त्याच्यामुळे जगातली गुलाबशेती उभी आहे.

पण हा गुण अप्रभावी असतो. आई आणि बाप दोघांकडून तुटका लगाम मिळाला, तरच रोप सतत फुलते. युरोपच्या एकबहरी गुलाबाशी चिनी गुलाबाचा संकर केला, की पहिली पिढी एकबहरीच निघे. गुण नाहीसा झाला असे वाटे. तो पुढच्या पिढीत काही रोपांत पुन्हा उगवे. मेंडेलचा वाटाण्यांवरचा प्रबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० पर्यंत त्याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. त्यामुळे फ्रान्स आणि इंग्लंडमधले गुलाबतज्ज्ञ या काळात अक्षरशः अंधारात चाचपडत होते. हजारो बिया पेरायच्या, आणि जे उगवेल त्यातून निवडायचे. चिनी गुलाब पोहोचल्यापासून हायब्रीड टी अवतरेपर्यंत पाऊण शतक गेले, त्याचे मोठे कारण हे.

ऑक्टोबरातली छाटणी फळाला येते, तीही त्या तुटक्या लगामामुळे. महाराष्ट्रात पाऊस ओसरला की गुलाब छाटतात, आणि साधारण दीड महिन्याने नव्या फुटींवर फुले येतात. युरोपात हीच छाटणी हिवाळा संपताना करतात, कारण तिथे झाडाला झोपवण्याचे काम बर्फ करतो. आपल्याकडे ते कात्रीला करावे लागते. इंग्रजी बागपुस्तकातले वेळापत्रक पुण्या-नाशिकच्या अंगणात जसेच्या तसे लागू पडत नाही, ते यामुळे. फूल कोमेजल्यावर ते दोन-तीन पानांसकट खुडले की खालच्या डोळ्यातून पुढची फांदी येते, आणि तिच्या टोकाला पुढचे फूल.

१८६७ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या ज्याँ-बाप्तिस्त गियो याने 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब बाजारात आणला. रुपेरी गुलाबी रंग, टी गुलाबाची डौलदार कळी, पण झाड थंडीला टिकणारे. पहिला हायब्रीड टी म्हणून सर्वत्र याचेच नाव घेतले जाते, आणि 'जुने' गुलाब संपून 'आधुनिक' गुलाब सुरू होतात ते याच वर्षापासून, असे वर्गीकरणही रूढ आहे. मात्र ही सीमारेषा नंतर आखलेली आहे. ला फ्रान्सचे आईबाप कोण, हे खुद्द गियोलाही खात्रीने सांगता आले नाही. शिवाय त्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे त्याला बी जवळजवळ धरतच नाही. घराण्याचा मूळ पुरुष म्हणून ज्याची तसबीर भिंतीवर लागली, त्याला संतती फारशी नाही, अशी ही अवस्था.

खरा पाया घातला तो इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या एका शेतकऱ्याने. हेन्री बेनेट हा गुरे पाळणारा माणूस. गुरांच्या धंद्यात वळू आणि गाय यांची निवड, वंशावळीची वही आणि पिढ्यांचा हिशेब हे रोजचे काम. १८७० च्या दशकात तो लियाँला गुलाब पाहायला गेला आणि चकित झाला. जगाला गुलाब पुरवणारे ते कारागीर परागीकरण मधमाश्यांवर आणि वाऱ्यावर सोडून देत, आणि बी पेरून नशिबाची वाट पाहत. गोठ्यात असे करणाऱ्याचे दिवाळे निघाले असते.

बेनेटने गोठ्याची रीत काचघरात आणली. उमलण्याआधीच कळीच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर खुडून टाकायचे, ठरवलेल्या जातीचे पराग मऊ कुंचल्याने लावायचे, आणि आई कोण, बाप कोण, तारीख कोणती, हे लिहून ठेवायचे. इंग्लंडचा उन्हाळा फळ पिकायला अपुरा पडतो, म्हणून कुंड्या उबदार काचघरात ठेवायच्या. १८७९ साली त्याने दहा नवे गुलाब एकदम जाहीर केले आणि त्यांना नाव दिले 'टी गुलाबाचे वंशावळीचे संकर'. गुलाबाच्या व्यापारात असा दाखला आजवर कोणी जोडला नव्हता. लियाँच्या उद्यान संस्थेने १८८० मध्ये या नव्या वर्गाला मान्यता दिली. 'हायब्रीड टी' हे नाव त्यानंतर रुळले.

त्या दहांपैकी फारसे टिकले नाहीत. पण १८८२ चा त्याचा 'लेडी मेरी फिट्झविल्यम' हा पुढच्या अनेक गुलाबांचा आईबाप ठरला. १८९० च्या 'मादाम कॅरोलिन तेस्तू' या गाजलेल्या गुलाबाच्या अंगात त्याचेच रक्त होते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने आपल्या पदपथांच्या कडेने तो हजारोंनी लावला. बेनेट स्वतः मात्र त्याच वर्षी वारला. गुलाबाच्या इतिहासात त्याला आज जेवढी जागा मिळते, ती कमीच आहे. पहिला गुलाब कोणता या प्रश्नाने सगळे लक्ष खाल्ले, आणि रीत कोणी बसवली हा प्रश्न मागे राहिला.

एक रंग अजून नव्हता: झगझगीत पिवळा. टी गुलाबांतला पिवळा सायीसारखा, उन्हात विरणारा. गडद पिवळा होता तो रोझा फेटिडा या पश्चिम आशियातल्या गुलाबात. फेटिडा म्हणजे दुर्गंधी. त्याचा वास खरोखरच उग्र असतो. त्याचा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार १८३७ च्या सुमारास हेन्री विलॉक या ब्रिटिश मुत्सद्द्याने इराणातून इंग्लंडला आणला. लियाँच्या जोसेफ पेर्ने-द्युशे याने १८८० च्या दशकात त्याचे पराग हायब्रीड गुलाबांना लावायला सुरुवात केली. वर्षांमागून वर्षे हाती काही लागले नाही. अखेर १९०० साली 'सोले दोर', म्हणजे सोनेरी सूर्य, हा गुलाब आला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांतून पिवळे, केशरी, तांबूस असे आज सहज दिसणारे सारे रंग हायब्रीड टी कुळात शिरले.

रंगाबरोबर आणखी एक गोष्ट शिरली. रोझा फेटिडा इराणच्या कोरड्या हवेतला. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीशी लढण्याची ताकद त्याच्यात फार कमी. तो कमकुवतपणा वारसा म्हणून पुढे गेला. जुलै-ऑगस्टात बाल्कनीतल्या गुलाबाच्या पानांवर काळे गोल डाग पडतात, पान पिवळे होऊन गळते आणि झाड उघडे पडते, तेव्हा त्याचा एक धागा त्या पिवळ्या रंगाशी जोडलेला असतो. बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पान सलग काही तास ओले लागते. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी घालावे, पानांवर नको. कुंड्यांमध्ये हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. गळलेली पाने मातीवर पडू न देता उचलून टाकावीत. कोकणच्या आणि मुंबईच्या पावसात एवढे करूनही ठिपके येतात. इराणच्या कोरड्या डोंगराने तशी तयारी करून घेतलेली नाही.

पेर्ने-द्युशेचे दोन्ही मुलगे, क्लॉडियस आणि जॉर्ज, पहिल्या महायुद्धात मारले गेले. घराण्याचे काम पुढे नेणारे कोणी उरले नाही. १९२० आणि १९२१ मध्ये त्याने दोन गुलाबांना त्यांची नावे दिली. 'सुव्हनिर द क्लॉडियस पेर्ने', क्लॉडियसच्या स्मृतीचा, हा त्या काळचा उत्तम पिवळा गुलाब होता.

लियाँजवळच १९३५ मध्ये फ्रान्सिस मेयाँ या तरुणाने एक संकर केला. त्यातून निघालेल्या रोपाला वहीत क्रमांक मिळाला ३-३५-४०. फूल भलेमोठे, फिकट पिवळे, पाकळ्यांच्या कडेला गुलाबी झाक. जुन्या सूचींमधल्या त्याच्या वंशावळीत क्लॉडियस पेर्नेच्या नावाचा गुलाब पूर्वज म्हणून येतो. नंतरच्या वंशावळीतून तो गाळलेला दिसतो. मेयाँने या गुलाबाला आपल्या दिवंगत आईचे नाव दिले. युद्धाआधी त्याच्या डोळ्यांच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेला गेल्या होत्या. जर्मनीत त्याचे नाव 'ग्लोरिया दाय' झाले, इटलीत 'जोया', आणि अमेरिकेत 'पीस', म्हणजे शांतता.

पीसच्या भोवती दोन दंतकथा आहेत. पहिली: नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये शिरत असताना अमेरिकी वाणिज्यदूताने शेवटच्या क्षणी काड्या आपल्या सामानातून बाहेर नेल्या. प्रसंग चित्रपटात शोभेल असा आहे. पण या गुलाबाचे अमेरिकी पेटंट १९४३ सालचे आहे. काड्या पोहोचणे, त्यांची कलमे होणे, ती फुलणे, वाण पारखला जाणे आणि अर्ज मंजूर होणे हे सारे एवढ्या थोड्या महिन्यांत बसवणे कठीण आहे.

दुसरी: २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे या गुलाबाचे नामकरण झाले, आणि नेमके त्याच दिवशी बर्लिन पडले. नामकरणाची तारीख बरोबर आहे, बर्लिनची नाही. त्या दिवशी शहरात गल्लोगल्ली लढाई चालू होती. हिटलरने दुसऱ्या दिवशी आत्महत्या केली आणि तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली ती २ मे रोजी. सत्य तारीख तीन दिवसांनी हुकते, एवढाच फरक. पण गुलाब विकणाऱ्यांना ते तीन दिवस नको होते. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना करणारी परिषद भरली होती, आणि तिथे प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाला पीसचे एकेक फूल देण्यात आले. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व ए. रामस्वामी मुदलियार यांच्याकडे होते. देश अजून पारतंत्र्यात होता.

मेयाँला या फुलाने श्रीमंत केले, कारण अमेरिकेत १९३० सालीच वनस्पतींना पेटंट देणारा कायदा झाला होता. पुढच्या वर्षी दिले गेलेले पहिले वनस्पती-पेटंटही गुलाबालाच मिळाले. 'न्यू डॉन' नावाच्या वेलगुलाबाला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपामागे पैदासकाराला वाटा. युरोपातही असा हक्क मिळावा म्हणून मेयाँ आयुष्यभर झगडला आणि १९५८ मध्ये ऐन उमेदीत गेला. नव्या वाणांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ साली पॅरिसमध्ये झाला. त्याची मागणी अन्यायाची नव्हती. दहा-दहा वर्षे रोपे सांभाळणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा. तरीही हा हिशेब शेवटच्या संकरापासून सुरू होतो, हे नजरेआड करता येत नाही. सतत फुलण्याचा गुण कँटनच्या माळ्यांचा, पिवळा रंग इराणच्या बागांचा. त्यांच्यासाठी वहीत रकानाच नव्हता. भारताने २००१ साली केलेल्या कायद्यात पैदासकारांबरोबर शेतकऱ्यांचेही हक्क नोंदवले, ते या जुन्या असमतोलाची जाणीव ठेवून.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात हायब्रीड टी गुलाब गंभीरपणे हाती घेतला तो एका गहू-शास्त्रज्ञाने. बेंजामिन पिअरी पाल यांचा जन्म १९०६ चा, बालपण ब्रह्मदेशात, डॉक्टरेट केंब्रिजची. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत ते रुजू झाले. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली, संस्था दिल्लीला हलली आणि पालही दिल्लीला आले. पुढे त्या संस्थेचे ते संचालक झाले, आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हाच्या तांबेरा रोगाला दाद न देणारे वाण तयार करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. एनपी ८०९ हा त्यांचा गाजलेला गहू.

गुलाब हे त्यांचे घरचे काम होते. बेनेटने गोठ्यातली शिस्त गुलाबात आणली, तशी पाल यांनी गव्हाच्या वाफ्यातली. त्यांच्यापुढचा प्रश्न युरोपच्या अगदी उलट होता. गियो आणि बेनेट यांना उष्ण देशातला गुण थंडीत टिकवायचा होता. पाल यांना युरोपात मुरलेला गुलाब दिल्लीच्या उन्हात टिकवायचा होता. १९६६ मध्ये त्यांचे भारतातल्या गुलाबावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. इथली माती, इथले ऋतू आणि इथले रोग धरून लिहिलेले ते पुस्तक होते. त्याच वर्षी जानेवारीत होमी भाभा विमान अपघातात गेले. पाल यांनी १९६८ मध्ये आपल्या एका पांढऱ्या हायब्रीड टी गुलाबाला त्यांचे नाव दिले. 'रोझ शरबत' हा त्यांचा दुसरा गुलाब सुगंधासाठी ओळखला जातो.

महाराष्ट्राच्या बाजारात मात्र पाल यांच्या गुलाबांपेक्षा 'ग्लॅडिएटर' हा १९५५ चा अमेरिकी हायब्रीड टीच जास्त रुजला. नाशिक-सांगलीकडच्या उघड्या शेतांतून तो वर्षानुवर्षे हारवाल्यांकडे आणि फुलबाजारात येत राहिला. तळेगाव दाभाडे आणि मावळातल्या हरितगृहांत फुलणारे, फेब्रुवारीत विमानाने युरोपला जाणारे गुलाबही याच कुळातले. दोनशे वर्षांपूर्वी जे फूल हुगळीच्या काठावर विसावून पश्चिमेला जात होते, ते आता इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते. रोपांमागचे पैदासकार मात्र बहुधा परदेशी असतात.

पाल यांनी जो प्रश्न घेतला होता, तो तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालमध्ये एम. एस. विरराघवन आणि गिरिजा विरराघवन या दांपत्याने वेगळ्या टोकाने हाती घेतला. प्रशासकीय सेवा सोडून विरराघवन गुलाबांकडे वळले. युरोपीय जातींना उन्हाची सवय लावण्याऐवजी त्यांनी थेट इथल्या रानगुलाबांकडे मोर्चा वळवला: सखल, पाणथळ भागात वाढणारा रोझा क्लिनोफिला, आणि मणिपूरचा तोच रोझा जायगँटिया. त्यांच्या एका पिवळसर संकराचे नाव आहे 'ई. के. जानकी अम्माळ'. पिकांच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध करणाऱ्या दोन लेखकांपैकी एक असलेल्या, मलबारात जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचे ते नाव.